गुणांवर

प्रेत तयार करणाऱ्या पोरानं विचारलं,
भुवयांवरचे व्रण पावडरीनं झाकू का?
आणि नाक जरा...
त्यानं बोटानं हवेत एक सरळ रेघ काढली.
मी म्हटलं, राहू दे.
हे नाक त्यानं हप्त्याहप्त्यानं विकलंय,
थोडं डर्बीत, थोडं संडरलंडला,
शेवटचा तुकडा माझ्या शाळेच्या बुटांसाठी.

शुक्रवारी दुपारी फोन वाजायचा.
कुठेतरी कुणीतरी आजारी पडलेलं असायचं,
आणि कुणाच्यातरी उगवत्या पोराला
उद्या संध्याकाळी हरवायला माणूस हवा असायचा.
बाप एवढंच विचारायचा: फेऱ्या किती,
गाडीभाडं वेगळं ना?
मग ग्रिम्स्बीच्या गोदीतून लवकर सुटून यायचा,
हातांना हॅडॉकचा वास, नखांत खवले.
आई त्याचा डबा भरायची
भांडी जरा जास्तच आपटत.

एकोणीस जिंकल्या. त्र्याऐंशी हरल्या.
शाळेत पोरं म्हणायची,
थर्लबीचा बाप पडायचे पैसे घेतो.
घरी येऊन मी विचारलं.
तो चहात बिस्कीट बुडवत होता.
पडायचे नाही, म्हणाला. उभं राहायचे.
तेवढ्यात बिस्कीट तुटून चहात पडलं.
आम्ही दोघं कपात बघत राहिलो.

रविवारी सकाळी त्याच्या डोळ्यावर
गोठलेल्या वाटाण्यांची पिशवी असायची.
दुपारी तेच वाटाणे ताटात.
काय झालं, आई विचारायची,
पाठ न वळवता.
गुणांवर गेली, तो म्हणायचा.
मला वाटायचं, कुणीतरी दोरांच्या बाहेर बसून
माझ्या बापाची वही तपासतं
आणि दरवेळी दोन मार्क कमी पडतात,
बहुतेक अक्षरासाठी.

त्यानं मला कधी जवळ घेतलं नाही.
खांद्यावर मूठ टेकवायचा, हलकेच,
दार वाजवावं
आणि कुणी उघडायच्या आत निघून जावं, तशी.

चर्चमागच्या हॉलमध्ये
सँडविचं संपत आली होती तेव्हा
एक म्हातारा आला, लीड्सहून, दोन बस बदलून.
कार्लटन पिनॉक.
हॅट हातात, बोटं संधिवातानं वळलेली.
म्हणाला, चौऱ्याहत्तर साली मी तुझ्या बापाला हरवलं.
मी म्हटलं, मग रांगेत उभे राहा.
तो हसला. दात त्याचेही स्वतःचे नव्हते.

मग म्हणाला,
तिसऱ्या फेरीत त्याचा एक बरगडीखाली बसला
आणि माझे पाय गेले.
पुढच्याच रांगेत माझी आई होती,
किंग्स्टनहून पहिल्यांदा आलेली, अंगात कुणाचातरी कोट.
आणखी एक मारला असता तर खेळ खलास होता.
त्यानं मला मिठी मारली.
गच्च. माझं सगळं ओझं अंगावर घेऊन.
पंच ओरडतोय, सोडा, सोडा,
आणि हा माझ्या कानात:
श्वास घे पोरा. नाकानं. घाई नाही.

गुणांवर जिंकलो मी, पिनॉक म्हणाला,
आणि हॅट घातली,
आपण आत आहोत हे आठवून पुन्हा काढली.

रात्री त्याचे कप्पे आवरले.
ग्लोव्हज नव्हतेच, ते क्लबचे असायचे.
मोज्यांखाली पट्ट्या सापडल्या,
धुऊन, घट्ट गुंडाळून ठेवलेल्या,
कडेला एका ठिकाणी न निघालेला तपकिरी डाग.
एक उलगडली.
अंगठ्यापासून सुरुवात, मनगटाला तीन वेढे,
मग बोटांच्या मधून;
इतकी वर्षं नुसतं बघितलेलं
हातांना पाठ होतं.

शेवटची गाठ मात्र एकट्याला येत नाही.
ते काम आईचं होतं.
टोक दातांत धरून
मी पलंगाच्या कडेला बसून राहिले कितीतरी वेळ,
नाकानं श्वास घेत.